सुरैया फुफूची मंजुरी

शनिवार, २५ ऑक्टोबर, सोहार (ओमान)

काल मंडळाच्या दिवाळी मीलनात मी एका माणसाच्या श्रद्धांजलीत आयटम साँग वाजवलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हलकं जाईल.

मंडळाचे जुने अध्यक्ष निवृत्त होऊन पुण्याला गेले होते, ते गेल्या महिन्यात वारले. सचिवांनी फराळाआधी दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. गाणी लावायचं काम माझ्याकडे होतं. मीही उभी राहिले आणि उभं राहताना माझ्या कोपराने लॅपटॉपच्या स्पेसबारला ढुशी दिली. या सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबला की तयार ठेवलेलं गाणं सुरू होतं. ही सोय ज्याने केली त्याला मी ओळखत नाही, पण भेटला तर सोडणार नाही. तयार ठेवलेलं गाणं होतं 'शिंप्या, माप नीट घे'. त्यात एक बाई शिंप्याला कुठली मापं घ्यायची आणि कशी, ते फार सविस्तर सांगते.

पोरंटोरं तिथल्या तिथे नाचायला लागली. मला बंद करायचं बटण सापडेना. शिंप्याने कंबरेचं माप घेतलं, तेव्हा कुठे आवाज थांबला. अध्यक्षांचे सख्खे मेहुणे पहिल्या रांगेत होते. त्यांच्या बायकोने त्यांना हसताना बघितलं असं ऐकते, पण त्याचा मला काही उपयोग नाही.

नूतनला फोन केला. हे सगळं सामान तिचंच. ऑगस्टमध्ये कॉलेजसाठी पुण्याला गेली तेव्हा कंट्रोलर मागे ठेवून गेली. कंट्रोलर म्हणजे दोन चकत्या, चार दांड्या आणि ढीगभर बटणं असलेली पाटी, लॅपटॉपला जोडायची. मी ती पुसता पुसता शिकले. श्रद्धांजलीचं ऐकून माझी मुलगी पाच मिनिटं नुसती हसत होती. मग म्हणाली, "मम्मा, यू आर अ लेजंड." मी फोन ठेवून दिला.


मंगळवार, २८ ऑक्टोबर

मला आता 'दोन मिनिटंवाली' म्हणतात. नव्या वर्षाच्या कार्यक्रमाला मंडळ मस्कतहून डीजे आणणार असं ग्रुपवर जाहीर झालं. खाली अंगठ्यांची रांग. त्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या किशोरीचा अंगठा सगळ्यात आधी होता. माझ्याकडून चकलीचं पीठ नेताना बरी गोड बोलते.

मला वाईट वाटलं आहे. उगीच हसण्यावारी नेऊन उपयोग नाही. एकवीस वर्षं मी या गावात 'दयानंदची मिसेस' आहे. दयानंद अॅल्युमिनियमच्या कारखान्यात आहेत, तिथली मीटर आणि कंट्रोल बघतात, आणि मी त्यांचे डबे बघते. त्या टेबलाच्या मागे उभी राहिले की पहिल्यांदाच लोक माझ्याकडे बघून विचारायचे, आता पुढचं काय. मला ते फार आवडलं होतं.

दयानंद यात लक्ष घालणार नाहीत असं वाटलं होतं. पण आज कामावरून आले ते एक प्लास्टिकचं झाकण घेऊन. कारखान्यात एखादं बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून त्यावर बसवतात तसं, उचलायचं झाकण. कापून, घासून त्यांनी ते स्पेसबारवर बसवलं आणि म्हणाले, "माणूस चुकणारच. मशीनने चुकू द्यायचं नाही." मी म्हटलं, आता काय उपयोग, मला कोण बोलावतंय? ते म्हणाले, "झाकण तरी बसलं." यांचं सांत्वन असं असतं.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

खुदेजा आली होती. तिच्या मुस्कानचं लग्न जानेवारीत ठरलं आहे, मुलगा उजैर, सलालाहच्या बंदरात नोकरीला. मेंदीची संध्याकाळ इथे सोहारला. बायकांचा हॉल वेगळा, तिथे पुरुषाला पाय ठेवायला बंदी. सगळ्या बुरखे काढून, नटून थटून मनसोक्त नाचणार. मस्कतची जी एकुलती एक लेडी डीजे आहे ती महिनाभर बुक आहे.

"एक पोरगा बोलला, पडद्याच्या मागे बसून वाजवीन," खुदेजा म्हणाली. "सुरैया फुफू बोलली, पडदा हाय तं काय झाला, पोराला डोळे हायत."

म्हणून मी. मी तिला आठवण करून दिली की श्रद्धांजलीत मी काय केलं. ती म्हणाली, "ता सगळ्या सोहारला म्हायती हाय. मी तुला इचारायला आलंय, त्यांना नाय."

खुदेजा श्रीवर्धनची, मी कुडाळची. नूतन आणि मुस्कान एका बाकावर बसून मोठ्या झाल्या. नूतनला कावीळ झाली तेव्हा हिने रोज उसाचा रस पाठवला. तिला नाही म्हणणं मला जमणार नव्हतं आणि खरं तर नाही म्हणायचंही नव्हतं. पैसे घेणार नाही असं आधीच सांगितलं, माझ्या व्हिसावर कमाई चालत नाही.

पण अडचण या सुरैया फुफूची आहे. ती उजैरच्या वडिलांची बहीण. त्याची आई लहानपणीच गेली, फुफूने वाढवला. त्या घरात तिचा शब्द शेवटचा. तिला मेंदीत गाणंच नको होतं. मुस्कान रडली म्हणून कशीबशी तयार झाली, तेही अटींवर. एक, प्रत्येक गाणं ती आधी स्वतः ऐकून मंजूर करणार. दोन, इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, अजान सुरू झाली की नमाज होईपर्यंत एक सूर ऐकू येता कामा नये. तीन, कसलाही फाजीलपणा झाला तर सगळं तिथेच बंद.

"अगो प्रेमा, काय चुकला तं ती माझ्या पोरीला जल्मभर ऐकवील," खुदेजा म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. म्हणजे आता माझं हसं होण्यापुरती ही गोष्ट राहिलेली नाही.


शनिवार, २२ नोव्हेंबर

सुरैया फुफू आली. लग्नाची तयारी बघायला दोन महिने सोहारच्या नातेवाइकांकडे मुक्काम ठोकून आहे. सत्तरीची, ताठ, हातात जपाची तसबीह. सोफ्यावर न बसता लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "चालू कर."

मी स्पीकर लावायला गेले तर म्हणाली, "भिंतीच्या पल्याड आवाज जायला नको. लोकं काय बोलतील?" मग स्पीकरची वायर काढली आणि त्याच भोकात हेडफोन जोडून दिले. तिने ते ओढणीच्या आतून घातले.

तीन तासांत फक्त नऊ गाणी झाली. कारण ती अर्धं ऐकून सोडत नाही. मी म्हटलं, फुफू, एक कडवं ऐकलं की कळतं. तर म्हणाली, "वाईट शब्द शेवटाला पण असतो." पहिलं गाणं नामंजूर केलं, मग म्हणाली, "परत लाव. किती वाईट हाय ता बघू दे." परत ऐकलं. परत नामंजूर.

असली खडूस बाई मी पाहिलेली नाही. मधेच डोळे मिटून घेते, मनात तौबा करत असावी. पाय सारखा हलत असतो. संधिवात असेल.


शनिवार, २९ नोव्हेंबर

आज परत आली, न बोलावता. खुदेजाच्या हातचे सांदण घेऊन आली, ते मात्र छान होते.

'शिंप्या' मी यादीतून काढून नामंजूर गाण्यांच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं. तिने नेमका तो फोल्डर उघडायला लावला. म्हणाली, "काढलेलं काय काय हाय ता पण तपासायला पायजे. नाय तं चुकून वाजंल." हे मात्र बरोबर बोलली. मग 'शिंप्या' ऐकलं. चेहरा हा असा कडक. संपल्यावर म्हणाली, "तौबा. हा बिलकूल नको." आणि लगेच, "परत लाव. मधला एक शब्द कळला नाय."

तीनदा लावलं. शब्द कळला की नाही ते बोलली नाही.


शनिवार, १३ डिसेंबर

फुफूचं येणं आता ठरलेलंच आहे. मी स्वयंपाकघरात जाते-येते, तिला सारखं गाणं बदलून द्यायला वेळ नसतो. म्हणून तिलाच शिकवलं. गाणं इथून ओढून इकडे टाकायचं. हे हिरवं बटण दाबलं की वाजतं. कमी ऐकू आलं तर ही दांडी वर. म्हातारी एका दमात शिकली. नूतन मला शिकवताना तीन वेळा वैतागली होती.

आज मी भाजी चिरत होते तर आतून टेबलावर बोटं वाजवल्याचा आवाज. बघायला गेले तर थांबली. मी विचारलं, काही हवंय का? "तुझा टेबल हलतो," म्हणाली. टेबल हलत नाही. दयानंदना सांगितलं, त्यांनी तरी एका पायाखाली पुठ्ठा घातला.

जाताना म्हणाली, "आमच्या दाभोळात मेंदीला ढोलकी असायची. आता तशी वाजवणारी कोण ऱ्हायली नाय." मला वाटलं, हे पण मला टोमणा म्हणूनच.


शनिवार, ३ जानेवारी

पूर्ण तालीम झाली. माझ्या चुकांवरून दयानंदनी आधी माझी उलटतपासणी घेतली, मग एकेकीचा बंदोबस्त केला.

सॉफ्टवेअरमध्ये ऑटोप्ले म्हणून एक भानगड आहे. एक गाणं संपलं की ते आपल्या मनाने पुढचं सुरू करतं. ती बंद. वाजत्या गाण्यावर चुकून दुसरं टाकलं तर पहिलं मधेच तुटतं, त्यालाही कुलूप आहे, ते लावलं. कीबोर्डचे शॉर्टकट बंद, वर स्पेसबारला झाकण आहेच. लॅपटॉपचं इंटरनेट बंद, नाही तर कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा टुणटुण आवाज चार स्पीकरांतून यायचा. माझा फोन पर्समध्ये, पर्स गाडीत.

एकच गोष्ट दयानंदना खटकते. हॉलमधला माइकही याच कंट्रोलरमधून जातो. म्हणजे दुआ, भाषण वगैरे चालू असताना मी सगळाच आवाज बंद करू शकत नाही, फक्त गाण्यांच्या दांड्या खाली ओढायच्या. ते म्हणाले, "तेवढ्यापुरती तू जागची हलू नकोस." मी कुठे हलणार आहे, म्हटलं.

रात्री झोपताना म्हणाले, "मला आत येता येणार नाही. बाहेर मुस्कानच्या वडिलांपाशी, अलीमियाँबरोबर बसेन. काही झालं तर..." आणि दिवा मालवला. या माणसाला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते की काय, कोण जाणे.


बुधवार, १४ जानेवारी

उद्या. मुस्कानची मेंदी. नीट पार पडलं तर मी खरी डीजे. नाही पडलं तर कंट्रोलर विकून टाकायचा, असं नूतनला सांगून ठेवलं. ती म्हणाली, "आय विल नॉट अलाव." तिच्या मराठीला काय झालंय या पुण्यात जाऊन, देव जाणे.


शुक्रवार, १६ जानेवारी, सकाळी

झोप नाही. लिहून मोकळी होते.

सुरुवात इतकी चांगली झाली की मी सुखावले. मुस्कान हिरव्या शराऱ्यात काय गोड दिसत होती. बायका नाचल्या, खुदेजा नाचली, अलीमियाँची ऐंशी वर्षांची आई खुर्चीत बसल्या बसल्या नाचली. सुरैया फुफू माझ्या शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली होती. मंजूर गाण्यांव्यतिरिक्त एक सूर वाजला नाही.

इशाची अजान सुरू व्हायच्या आधीच मी आवाज हळूहळू खाली आणला आणि पहिल्या शब्दाला हॉल पूर्ण शांत होता. फुफूने माझ्याकडे बघून मान हलवली. एवढीशीच, पण हलवली. बायका बाजूच्या खोलीत नमाज पढून आल्या. त्यानंतर मेंदीचा विधी. मुस्कानच्या तळहातावर विड्याचं पान ठेवायचं, त्यावर जवळच्या बायकांनी एकेक करून मेंदीचं बोट टेकवायचं, तिला गोड भरवायचं आणि दुआ द्यायची. गाण्यांच्या दोन्ही दांड्या खाली ओढल्या, माइक चालू ठेवला. हेडफोन फुफूने मागून घेतले, पुढची गाणी तपासते म्हणाली. मी तिच्या कानांना बसवून दिले.

आणि माइकवरून खुदेजा म्हणाली, "प्रेमा, तू पण ये. तुझा पण हात लागायला पायजे माझ्या पोरीला."

मी हलणार नव्हते. पण अशी हाक आल्यावर कोण बसून राहील? माझे डोळे भरून आले. स्टेजवर गेले, पानावर मेंदी लावली, मुस्कानला मलिद्याचा लाडू भरवला. अर्धा तिने खाल्ला, अर्धा माझ्या हातात. मुस्कानची आजी दुआ मागायला लागली, सगळ्यांनी ओंजळी पुढे धरल्या, हॉल चिडीचूप.

आणि शिंप्या आला.

पूर्ण ताकदीने, चारी स्पीकरांतून. सगळे चेहरे माझ्याकडे वळले. मी धावले. धावता धावता पाहिलं, फुफू खुर्चीत मान खाली घालून, डोळे मिटून बसलेली. ओढणी डोक्यावरून पुढे ओढलेली, हेडफोन आत झाकलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी जप करते आहे. पण जवळून मला तिची दोन्ही हातांची बोटं दिसली. टेबलावर ढोलकी वाजवत होती. काय वाजवत होती! आणि पाय ताल धरत होता, त्या पायाला कसलाही संधिवात नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या घरी स्पीकर कधी जोडलेच नव्हते, त्यांच्याच भोकात हेडफोन होते. हिरवं बटण दाबलं की कानात वाजतं, हे मीच तिला शिकवलं होतं. तिने बटण दाबलं, ऐकू येईना, म्हणून दांडी वर केली, पार टोकापर्यंत. मग दणदणीत ऐकू आलं. तिला वाटलं, तिच्याच कानात आहे.

मी दांडी खाली ओढली. गाणं अचानक गेलं म्हणून फुफूने डोळे उघडले आणि "काय गो..." म्हणायला तोंड उघडलं. हेडफोन लावलेलं माणूस केवढ्याने बोलतं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या हातात उरलेला अर्धा लाडू मी तिच्या तोंडात कोंबला.

आणि माइक उचलून म्हणाले, "माफ करा. ऑटोप्ले चालू राहिला. चूक माझी आहे."

तालमीपासून ज्याच्यावर पहारा ठेवला, जे मी स्वतः दहादा तपासलं होतं, तेच मी चुकलं म्हणून सांगितलं. पण दुसरं काय करणार होते? जी बाई सगळ्यांना धाकात ठेवते तिचं दोन्ही घरांसमोर हसं झालं असतं, आणि तो राग पुढे मुस्कानवर निघाला असता. फुफू लाडू चावत राहिली. हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि आपली खुर्ची घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

पुढचा तासभर मी वाजवलं आणि बायका नाचल्या, पण ती मजा नव्हती. उजैरची काकी तस्नीम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हीच ना ती, मय्यतीत गाना वाजवणारी?" खुदेजाने निघताना मला निरोपाचा डबा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

गाडीत दयानंद म्हणाले, "ऑटोप्ले मी स्वतः बंद केला होता." मी म्हटलं, मी परत चालू केला. "का?" "चुकून." त्यांनी गाडी सुरू केली. घरी आल्यावर स्वतः चहा केला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. मग लॅपटॉप उघडून बसले आणि बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होते. त्यांना खरं सांगावंसं वाटत होतं. पण ते अलीमियाँना सांगितल्याशिवाय राहणार नाहीत.

फुफूचा मला राग आला आहे. दोन महिने माझ्या घरी बसून चोरून मजा केली आणि वेळ आली तर तोंडातून शब्द नाही. लाडू मोठा होता हे मान्य, पण तेवढा वेळ लागत नाही चावायला.

आज जुम्म्यानंतर निकाह आहे. मला जायचं नाही.


शनिवार, १७ जानेवारी

गेले. दयानंद म्हणाले, न जाणं बरं दिसत नाही.

निकाह झाला, बायकांच्या हॉलमध्ये जेवणाचे थाळ लागले. एकेका मोठ्या थाळाभोवती सहा-सात जणी. मी कोपऱ्यातला थाळ बघत होते. माझ्याकडे बघून तस्नीम खुदेजाला म्हणाली, "घरच्या कार्यात बाहेरच्या माणसांना घेतला की असाच होतो."

मी पर्स उचलली.

खुदेजा म्हणाली, "बाहेरची नाय ती. चूक झाली तं झाली तिच्या हातून. माझी मैत्रीण हाय. तिच्या बाजूला जेवायला बसायचा नसंल त्यांनी बसू नका."

मुलीचं लग्न लागून तास झाला नव्हता आणि ही मुलीच्या सासरच्या माणसाला असं बोलली. तेही चूक माझीच आहे असं समजून. मला हुंदका आला, लपवलाही नाही.

तेव्हा सुरैया फुफू उठली. तिला उठायला वेळ लागतो, तोपर्यंत सगळा हॉल वाट बघत थांबला. म्हणाली, "चूक तिची नाय. बटण मी दाबला."

कुणाला कळेचना. तस्नीम म्हणाली, "फुफू, तुम्ही कशाला तिची बाजू..."

"बाजू नाय घेत. मला तो शिंप्याचा गाना आवडतो," फुफू म्हणाली. "दोन महिने ऐकतंय. मला वाटला माझ्या कानातच वाजतोय, मी आपली ढोलकी वाजवीत बसले. ही आली आणि माझ्या तोंडात लाडू घातला, नाय तं मी आणखी लाव म्हणून ओरडणार होते."

कुणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. मग तिकडून अलीमियाँच्या आईने विचारलं, "कुठला शिंपी?" तिला मेंदीत काही ऐकूच गेलं नव्हतं. आणि नवरी मुस्कान, खालमानेने बसायचं सोडून, अशी खो खो हसली की तिची नथ निसटली. मग हॉल फुटला. फुफू मात्र हसली नाही, पण माझ्या थाळावर येऊन बसली. हळूच म्हणाली, "घरात मोठा झाला की सगळे तोंडाकडे बघतात गो. मग काय करणार? काल बोलायला पायजे होता. जीभ उचलली नाय." मी म्हटलं, असू दे. पण खरं म्हणजे बरं वाटलं की तिने ते सांगितलं.

खुदेजा मात्र भडकली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला पण खोटा सांगितलास? माझ्याशी? रातभर रडले मी, तुला कसा तोंड दाखवू म्हणून." मी म्हटलं, तू तर माझ्याकडे बघतही नव्हतीस. "बघितला असता तं तिथेच रडले असते, माझ्या पोरीच्या मेंदीत!" मग आम्ही दोघी बिर्याणीच्या डेगांमागे उभ्या राहून एकदम रडलो आणि हसलो, आणि एका पोरीने येऊन विचारलं, आंटी, आर यू ओके?

बाहेर दयानंदना सगळं सांगितलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि एकच म्हणाले, "तरी मी म्हणत होतो." आज सकाळपासून शीळ घालत फिरत आहेत.

आत्ता फुफूचा फोन आला. पुढच्या शुक्रवारी सलालाहला वलीमा, म्हणजे मुलाकडचं जेवण आहे, बायकांचा वेगळा कार्यक्रम ठेवला आहे, मशीन घेऊन ये म्हणाली. हजाराच्या वर किलोमीटर आहे, म्हटलं. दयानंद सुट्टी टाकतील, तिने अलीमियाँकडून परस्पर विचारून घेतलं होतं. पण एक अट आहे, म्हणाली, ती माझ्या बाजूला बसणार.

मी म्हटलं, माझीही एक अट. बसा, पण कशालाही हात लावायचा नाही.

"नाय लावणार," ती म्हणाली, आणि मागून तिची बोटं कशावर तरी वाजत असल्याचं मला फोनवर स्वच्छ ऐकू येत होतं. ती साफ खोटं बोलत होती. मी हो म्हटलं.